वर्गाची घडी कशी बसवावी : जावळी तालुक्यातील शाळांच्या निमित्ताने

वर्गव्यवस्थापन म्हणजे मुलांना गप्प बसवण्याची हातोटी, असा समज शिक्षकी पेशात आणि पालकांतही चांगलाच मुरलेला असून, शेजारच्या वर्गात आवाज गेला नाही म्हणजे वर्ग नीट चालला, अशी सोपी मोजपट्टी अनेक ठिकाणी वापरली जाते. शिक्षणशास्त्रात या संज्ञेचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. बसण्याची मांडणी, वेळेची आखणी, साहित्याची देवघेव, एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळण्याची रीत, मुलांचे परस्परांशी व शिक्षकांशी असलेले नाते आणि या सर्वांतून तयार होणारे शिकण्याजोगे वातावरण, एवढे सगळे तिच्यात येते. सामाजिक कौशल्ये ही दुसरी संज्ञा. आपले म्हणणे दुसऱ्याला न दुखावता मांडणे, दुसऱ्याचे पुरते ऐकून घेणे, पाळी येईपर्यंत थांबणे, मदत मागणे आणि देणे, मतभेद झाला तर हातघाईवर न येता तो मिटवणे, अशा शिकता आणि शिकवता येणाऱ्या वागणुकीच्या सवयींना हे नाव आहे. शाळांत या दोन गोष्टींची खाती वेगळी पडली आहेत. शिस्त रोजची आणि सामाजिक कौशल्ये शनिवारच्या उपक्रमाची. ही विभागणी मुळातच चुकीची आहे, कारण ज्या वर्गात मुलांना एकमेकांची खरीखुरी गरज पडेल अशी कामे असतात तेथे शिस्तीचे निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत, आणि जेथे तशी कामे नसतात तेथे सहकार्यावरचे पाठ कितीही घेतले तरी ते फळ्यावरून पुसले जातात.

हा विचार सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यासारख्या भागात अधिक नेमकेपणाने करावा लागतो. वेण्णा नदीच्या काठचे मेढा हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण साताऱ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर असून, आजूबाजूची गावे डोंगरउतारावर, वाड्यावस्त्यांत विखुरलेली आहेत. अशा वस्त्यांवरील जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांचा पट कमी असतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ नुसार प्राथमिक स्तरावर साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे चार-पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या, असा हिशेब होतो. एकाच खोलीत एकाच शिक्षकाने दोन किंवा अधिक इयत्तांना शिकवण्याच्या या पद्धतीला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. याला इथल्या जीवनाचे आणखी काही पदर जोडलेले आहेत. या तालुक्यातील घराघरांतून माणसे कामासाठी मुंबईला गेलेली असल्यामुळे काही मुले आजी-आजोबांकडे वाढतात, तर काही मुंबईच्या शाळेतून मध्येच गावच्या शाळेत दाखल होतात. कुडाळ परिसराच्या उसाच्या पट्ट्यात हंगामाला तोडणी मजुरांची मुले काही महिन्यांसाठी येतात. आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीच्या अंगाला, पाणी आणि डोंगर यांमुळे शाळेपर्यंत पोहोचणे हेच मुलाच्या दिवसातले मोठे काम असते.

कमी पटाची शाळा चालवायला सोपी, असे बाहेरून वाटते. वर्गात पाचच मुले असली तर गोंगाट कमी होतो हे खरे, परंतु तीच पाच मुले चार वर्षे एकमेकांसमोर बसतात आणि पहिलीत पडलेल्या भूमिका चौथीपर्यंत घट्ट होतात. एक हुशार, एक खोडकर, एक ‘त्याला काही येत नाही’ असा. मोठ्या वर्गात एकाशी बिनसले तर दुसऱ्या बाकावर सोबती सापडतो, पण तीन मुलींच्या वर्गात दोघींचे गूळपीठ जमले की तिसरी वर्षभर एकटी पडते. पुढे हेच मूल पाचवीला किंवा आठवीला मेढ्याच्या, कुडाळच्या किंवा साताऱ्याच्या मोठ्या शाळेत जाते, तेव्हा पन्नास अनोळखी चेहऱ्यांपुढे त्याची वाचा बसते, आणि ‘खेड्यातली मुले बोलत नाहीत’ असा शेरा त्याच्या माथी मारला जातो. वास्तविक ते घरी आणि वाडीत भरपूर बोलत असते. अनोळखी माणसाशी बोलायचा सराव मात्र त्याला कधी मिळालेला नसतो. म्हणून लहान शाळेच्या शिक्षकांनी हा सराव मुद्दाम घडवून आणावा. केंद्रातील दोन-तीन शाळांनी महिन्यातून एक दिवस शाळा एकत्र भरवावी आणि त्या दिवशी स्पर्धा न घेता मिश्र गटांत कामे द्यावीत. गावातील पोस्टमन, आशा सेविका, सोसायटीचे सचिव यांच्याकडे मुलांनी दोघादोघांनी जाऊन ठरवलेले प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वर्गात सांगावीत. आणि चौथीच्या मुलांना वर्ष संपण्यापूर्वी एकदा पुढच्या शाळेत नेऊन तेथील एखाद्या मोठ्या मुलाशी जोडी लावून द्यावी. याला खर्च फारसा येत नाही. मुख्याध्यापकांचा दूरध्वनी आणि पालकांची संमती एवढे पुरते.

एकत्र राहण्यातून शिकण्याचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला, हे येथील शिक्षकांनी विसरता कामा नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकाच छपराखाली राहत, एकाच चुलीवरचे खात आणि दळण, स्वयंपाक, पाणी, शेतीकाम ही सर्व कामे स्वतः करीत. ज्या काळात पाणवठे जातीजातींत वाटलेले होते, त्या काळात या मुलांना समतेचा उपदेश ऐकवण्याऐवजी एकत्र भाकरी भाजायला बसवले गेले, यातच त्या प्रयोगाचे मर्म आहे. काम खरे होते. भाकरी भाजली गेली नाही तर सगळेच उपाशी राहणार होते, त्यामुळे पाळी चुकवणाऱ्याला समज देण्याचे काम व्यवस्थापकांपेक्षा सोबतीच करीत असणार.

आजच्या शाळांतील जबाबदाऱ्यांना हीच कसोटी लावून पाहावी. जुलैत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते, मतपत्रिका छापल्या जातात, शपथविधीचे छायाचित्र निघते, आणि त्यानंतर आरोग्यमंत्र्याला वर्षभर नखे तपासण्यापलीकडे काम नसते. वर्गप्रमुखाचे पद तर अनेक ठिकाणी बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिण्यापुरते उरले आहे. यातून एका मुलाला हेरगिरीची आणि बाकीच्यांना त्याच्या मर्जीत राहण्याची सवय लागते, म्हणून ही प्रथा ताबडतोब बंद करणे योग्य. त्याऐवजी वर्गातील जी कामे केली नाहीत तर खरोखर अडते अशी कामे शोधावीत, जसे पिण्याचे पाणी भरणे, वाचनपेटीतील पुस्तकांची नोंद ठेवणे, गैरहजर मुलाला गृहपाठ पोहोचवणे, पर्जन्यमापकाची रोजची नोंद घेणे. आणि ती दोघादोघांच्या जोडीला पंधरवड्यासाठी द्यावीत, पंधरवड्याने जोड्या बदलाव्यात. जोडी लावताना नेहमीचे मित्र वेगळे करावेत, मुलगा-मुलगी असा भेद कामात ठेवू नये, आणि झाडू मुलींकडे व घंटा मुलांकडे जात नाही ना, हे शिक्षकांनी स्वतः तपासावे. वस्तीवरून येणाऱ्या किंवा विशिष्ट समाजाच्याच मुलाकडे स्वच्छतेचे काम पुनःपुन्हा जात असेल, तर तो केवळ दुजाभाव नसून गंभीर अन्याय होय.

शालेय पोषण आहाराची पंगत ही या दृष्टीने दिवसातील सर्वांत मोलाची अर्धी घटका असते आणि बहुतेक शाळांत तीच सर्वांत वाईट रीतीने उरकली जाते. घंटा होते, ताटल्यांचा खडखडाट होतो, मोठी मुले पुढे घुसतात, पहिलीतील मूल मागे ढकलले जाते आणि शिक्षक हातात पट्टी घेऊन रांगेशेजारी उभे राहतात. येथे क्रम उलटा करून पाहावा : आधी सर्वांनी हात धुऊन ओळीत बसावे, मग तिसरी-चौथीतील चार मुलांनी स्वयंपाकी ताईंच्या देखरेखीखाली वाढावे. फार गरम भांडी मोठ्या माणसांनीच उचलावीत. मुलांकडे वाटी, पळी आणि भाताचे लहान पातेले असावे. वाढणाऱ्याने ‘किती वाढू?’ असे विचारावे, घेणाऱ्याने ‘थोडा’, ‘पुरे’, ‘आणखी हवा’ असे स्पष्ट सांगावे, आणि वाढणाऱ्यांनी सर्वांत शेवटी जेवावे. एवढ्या साध्या देवघेवीत विचारणे, नकार देणे, प्रमाण ओळखणे, उरलेल्या उसळीची न्याय्य वाटणी करणे आणि आपल्या आधी दुसऱ्याचे पाहणे अशी पाच-सहा कौशल्ये रोज घडतात. सुरुवातीचे काही दिवस सांडलवंड होते आणि वेळही जास्त लागतो. त्याला घाबरून शिक्षकांनी पळी हातात घेतली की प्रयोग तेथेच संपतो. शिक्षकांनी मुलांबरोबर त्याच ओळीत बसून जेवावे, ही त्यातली शेवटची आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट.

वर्गात शिकवताना येणाऱ्या गोंधळाबाबत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांचे काम अजूनही उपयोगी आहे. वर्गांची चित्रफीत घेऊन त्यांनी केलेला अभ्यास १९७० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्यातून पुढे आलेली बाब अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध होती : चांगला वर्ग चालवणारे आणि न जमणारे शिक्षक यांच्यातील फरक ते मुलांना कसे रागावतात यात आढळला नाही, तर गडबड होण्याआधी ते काय करतात यात आढळला. वर्गाच्या कोपऱ्यात काय चालले आहे याचे भान असणे आणि ते भान मुलांनाही जाणवणे, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवणे, आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना मध्ये पोकळी न ठेवणे, ही त्यांतील प्रमुख अंगे. बहुवर्ग शाळेत यातील शेवटचे अंग कळीचे ठरते. तिसरीला गणित समजावून देताना पहिलीच्या हातात काम नसेल तर पहिली स्वतःचे काम शोधते, आणि त्यालाच पुढे खोडी म्हटले जाते. त्यामुळे प्रत्येक इयत्तेसाठी शिक्षकाशिवाय करता येईल असे किमान एक काम रोज हाताशी तयार असावे, ते कोठे ठेवले आहे हे मुलांना माहीत असावे, आणि अडल्यास आधी सोबत्याला, मग वरच्या इयत्तेतील ठरवून दिलेल्या मुलाला, शेवटी शिक्षकांना विचारायचे, असा क्रम पक्का असावा. वरच्या इयत्तेतील मुलाने समजावून द्यावे, पण तेच एक मूल रोज मास्तरकी करीत राहिले तर त्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो; ही पाळीही फिरती हवी.

पावसाळ्यात या भागात वर्गाची खरी परीक्षा होते. पत्र्याच्या छपरावर आषाढातला पाऊस कोसळू लागला की दुसऱ्या ओळीपर्यंतही आवाज पोहोचत नाही, आणि आवाज चढवत गेलेल्या शिक्षकांचा घसा दुपारपर्यंत बसतो. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच हाताच्या खुणा ठरवून त्यांचा सराव करून घेतलेला असेल, म्हणजे हात वर केला की सर्वांनी हातातले थांबवायचे, दोन बोटे दाखवली की जोडीत काम, मूठ मिटली की एकट्याने, तर हेच दिवस उत्तम जातात. ओल्या छत्र्या व रेनकोट कोठे टांगायचे, चिखलाच्या चपला कशा लावायच्या, भिजून आलेल्या मुलाने प्रथम काय करायचे, या गोष्टी सांगून भागत नाहीत. त्या दोन-तीनदा करून दाखवाव्या लागतात, मुलांकडून करवून घ्याव्या लागतात, आणि चुकल्यास न रागावता पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात. अशा ठरलेल्या रीतींची संख्या थोडी असावी. भिंतीवर नियमांचा बारा कलमी तक्ता लावणारे वर्ग बरेच दिसतात, पण त्यातील चौथे कलम कोणते, हे बहुधा तक्ता लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

मुलांनी बोलावे असे वाटत असेल तर शिक्षकांनी थांबायला शिकले पाहिजे. मेरी बड रो या संशोधक महिलेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच वाट पाहतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तरी उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. गटकार्याबाबत मात्र सावध राहावे. चार मुलांना गोल बसवून एक तक्ता दिला की एक जण लिहितो, एक सांगतो आणि दोघे खिडकीबाहेर पाहतात. याला गटकार्य म्हणता येत नाही. मानसशास्त्रज्ञ इलियट एरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले प्रथमच एका वर्गात आल्याने तणाव वाढलेला असताना, एक पद्धत वापरली : धड्याचे भाग करून प्रत्येक मुलाला एकच भाग द्यायचा, त्याने तो नीट समजून घ्यायचा आणि गटातील इतरांना शिकवायचा, प्रत्येकाजवळचा तुकडा मिळाल्याशिवाय कोणाचाच धडा पूर्ण होत नाही. परिसर अभ्यासातील ‘आपला जिल्हा’ यासारखा घटक या रीतीने सहज घेता येतो. एकाकडे नद्या व धरणे, एकाकडे किल्ले, एकाकडे पिके, एकाकडे बाजारगावे. ऊसतोड मजुराच्या, चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाकडे पिकांचा भाग दिला तर तोडणी, मोळी आणि वजनकाटा यांबद्दल त्याला जे ठाऊक असते ते वर्गात कोणालाच ठाऊक नसते, आणि त्याचे ‘पाहुणा’ हे स्थान एका तासात बदलते.

भांडण झाले की दोघांना समोर उभे करून ‘सॉरी म्हण’ असे फर्मावण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिने भांडण मिटत नाही, फक्त शाळा सुटेपर्यंत पुढे ढकलले जाते. त्याऐवजी राग शांत होण्यास काही मिनिटे द्यावीत, मग प्रत्येकाने काय घडले ते मध्ये न अडवता सांगावे, दुसऱ्याने आपण काय ऐकले ते सांगावे, आणि झालेले नुकसान कसे भरून काढायचे हे दोघांनी ठरवावे. फाटलेली वही शिवून देणे ही माफीपेक्षा मोठी गोष्ट आहे. चिडवाचिडवीकडे मात्र निव्वळ भांडण म्हणून पाहू नये. आडनाव, वस्ती, रंग, बोलण्याची ढब, आईवडिलांचे काम यांवरून एकाच मुलाला पुनःपुन्हा लक्ष्य केले जात असेल, तर तेथे दोन्ही बाजू सारख्या नसतात आणि समेटाचा खेळ अन्यायाचा होतो. अशा वेळी शिक्षकांनी ठामपणे मध्ये पडून ते थांबवावे आणि सोसणाऱ्या मुलाला एकटे सोडू नये. शिक्षक स्वतः मुलांना टोपणनावाने हाक मारीत असतील किंवा धनगरवाड्यावरील मुलाच्या बोलीला हसत असतील, तर बाकी सर्व उपाय फुकट आहेत, कारण मुले सांगितलेले विसरतात पण पाहिलेले उचलतात.

शिक्षेविषयी कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. त्यामुळे उठाबशा, अंगठे धरून उभे करणे आणि वर्गासमोर पाणउतारा करणे हे सर्व नियमबाह्य ठरते, पालकांनी ‘मारा, पण शिकवा’ असे सांगितले तरीही. बक्षिसांचा प्रश्न तुलनेने नाजूक आहे. चांगल्या वागण्याला रोज चांदणी किंवा चॉकलेट देत गेले की मुलांचे लक्ष सोबत्याकडून चांदणीकडे वळते. काय चांगले झाले ते नेमक्या शब्दांत सांगणे, म्हणजे ‘तू आज तिचे बोलणे संपेपर्यंत थांबलास’ असे सांगणे, अधिक टिकाऊ ठरते. याच जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः कृतीतून घडवते या तत्त्वावर, वर्ग चालवून दाखवले. भीती काढून टाकली आणि जमिनीवर गटागटाने बसलेल्या मुलांच्या हाती काम दिले की वर्ग विस्कटत नाही, हे पाहायला राज्यभरातून शिक्षक तेथे येत असत, आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे अशा शाळांचा अनुभव होता.

नोंदींविषयी थोडेसे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात, आणि ‘इतरांशी मिळूनमिसळून वागतो’ हे वाक्य अनेक प्रगतिपुस्तकांतून पटावरच्या सर्व मुलांच्या नावापुढे उतरवलेले दिसते. त्यापेक्षा आठवड्याला पाचच मुले निवडून प्रत्येकाचे प्रत्यक्ष पाहिलेले एक वागणे तारखेसह एका ओळीत लिहावे. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला ‘कोणाबरोबर काम करायला आवडेल?’ असे खासगीत विचारून पाहावे. ज्याचे नाव कोणीच घेतले नाही ते मूल शिक्षकांच्या पुढच्या महिन्याच्या कामाचा पहिला विषय होय, मात्र ही माहिती वर्गात उघड करू नये. एखादे मूल अचानक अबोल झाले, वारंवार हिंसक वागू लागले किंवा घरी जायला घाबरू लागले, तर त्याला शिस्तीचा प्रश्न समजू नये. मुख्याध्यापक आणि पालकांशी बोलावे, आणि मुलाच्या सुरक्षिततेची शंका असल्यास १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे.

हे सर्व एकदम सुरू करू पाहणारे शिक्षक ऑगस्टपर्यंत दमतात. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात पंगत, खुणा आणि जोडीची कामे एवढ्याच तीन रीती बसवाव्यात, आणि त्यापायी भाषेचा एखादा धडा मागे पडला तर खुशाल पडू द्यावा. तो श्रावणात भरून निघतो.